मोजणीची रेषा आणि रेशनची रांग

माणसाला जगायला किती लागते, याचा भारतातला पहिला नीट हिशेब जहाजावरच्या शिध्यावरून झाला. परदेशातल्या मळ्यांवर मजुरीला धाडल्या जाणाऱ्या कुलींना प्रवासात काय खायला द्यायचे, याचे प्रमाण एका सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवलेले होते. तांदूळ किंवा पीठ, डाळ, थोडे मटण, भाजी, तूप, तेल, मीठ. काम नाही, धावपळ नाही, बोटीवर नुसते बसून राहणाऱ्या माणसापुरते. दादाभाई नौरोजींनी हा शिधा घेतला, १८६७-६८ च्या भावाने त्याची किंमत काढली आणि वेगवेगळ्या प्रांतांसाठी वर्षाला माणशी १६ ते ३५ रुपये असा आकडा मांडला. देशाचे दरडोई उत्पन्न त्यांच्याच हिशेबाने २० रुपये भरत होते. तुरुंगातल्या कैद्यावर सरकार करते तो खर्चही त्यांनी शेजारी ठेवला. कैद्याला मिळते तेवढेही मोकळ्या रयतेच्या वाट्याला येत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. १८७६ साली मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे हा निबंध वाचला गेला.

त्या आकड्याने कुणाला शेरभर धान्य मिळायचे नव्हते, की कुणाचे बंद व्हायचे नव्हते. तो राज्यकर्त्यांवरचा आरोप होता आणि आरोपीच्या पिंजऱ्यात सरकार उभे होते. पुढच्या सव्वाशे वर्षांत हा पिंजरा हळूहळू फिरत गेला. गरीब आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी गरिबावर येऊन पडली, ती कशी, हे सांगण्यासारखे आहे. त्यातला बराचसा भाग मुंबई-पुण्यात घडलेला असल्याने तो आपल्या घरचाच इतिहास आहे.

स्वातंत्र्याआधीचे दोन टप्पे भरभर ओलांडता येतील. १९३८ साली नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय नियोजन समितीने महिन्याला माणशी १५ ते २० रुपये हे जीवनमानाचे प्रमाण सुचवले. १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’मध्ये उद्योगपतींनी वर्षाला माणशी ७५ रुपये धरले. दोन्ही आकडे कागदावरच राहिले.

स्वतंत्र भारतातली पहिली सरकारमान्य रेषा १९६२ सालची. त्या वर्षी बसलेल्या कार्यगटात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, सर्वोदयी अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते, मिनू मसानी आणि अशोक मेहता असे एकमेकांशी कधीच न पटणारे लोकही होते. १९६०-६१ च्या किमतींनुसार पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला १०० रुपये, म्हणजे माणशी २० रुपये, आणि शहरात २५, असे त्यांनी ठरवले. त्यात आरोग्य आणि शिक्षणाचा खर्च धरलेला नव्हता. दवाखाना आणि शाळा सरकार देणारच आहे, मग गरिबाच्या खिशातून तो खर्च कशाला मोजायचा, असा त्यामागचा विचार. त्या काळाची भाबडी आशा या एका वगळण्यात जितकी दिसते तितकी नेत्यांच्या भाषणांतही दिसत नाही.

पुढच्याच वर्षी हा विषय लोकसभेत पेटला. पोटनिवडणुकीतून नुकतेच निवडून आलेले राममनोहर लोहिया ऑगस्ट १९६३ मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, या देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. नेहरूंचे उत्तर होते पंधरा आणे. नियोजन आयोगाचे कागद दोन्ही बाजूंनी फडकवले गेले. पंधरा आणे ही सगळ्या देशाची सरासरी होती. लोहिया तळातल्या साठ टक्क्यांबद्दल बोलत होते. सरासरीने श्रीमंताची भाकरी गरिबाच्या ताटात मोजली जाते, हे त्या दिवशी साध्या हिशेबाने देशाला कळले. यानंतर ‘दरडोई’ हा शब्द ऐकला की शहाण्या माणसाने एवढेच विचारायचे: कोणत्या डोयांच्या?

हाच प्रश्न पुण्यात वि. म. दांडेकर आणि ओडिशाहून येऊन इथलेच झालेले नीळकंठ रथ यांनी हाती घेतला. दांडेकर म्हटले की मराठी वाचकाला प्रादेशिक अनुशेषाची ‘दांडेकर समिती’ आठवते, पण ती १९८० नंतरची गोष्ट. गोखले संस्थेतून झालेला ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या दोन अंकांतून बाहेर आला. ‘गरिबी हटाव’ची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीतले घरखर्चाचे तक्ते घेतले आणि विचारले, दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न प्रत्यक्षात विकत घेणाऱ्या कुटुंबाचा एकूण खर्च किती असतो? उत्तर आले, १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. त्याखाली खेड्यातली सुमारे ४० टक्के माणसे होती, आणि शहरातली जवळजवळ निम्मी.

या पद्धतीतली एक मेख समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातून आलेला आहे. या रेषेवरून गरीब किती आहेत ते कळते. गरीब कोण आहे ते कळत नाही. नमुना पाहणीत हजारो घरे निवडलेली असतात. त्यांच्यावरून देशाचा अंदाज बांधायचा आणि घरांची नावे विसरून जायची. गावातल्या अमुक घराच्या दारात उभे राहून ‘हे रेषेच्या वर की खाली’ हे सांगण्यासाठी ती बनलेलीच नव्हती. दांडेकर-रथांनीही तिचा तसा वापर सुचवला नाही. त्यांचा उपाय वेगळा होता: सार्वजनिक कामे काढा, मागेल त्याला मजुरी द्या आणि पैसा वरच्या थरावर कर बसवून उभा करा. जमीन वाटून हे जमेल यावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण सगळ्यांना पुरेल एवढी जमीनच नव्हती.

दांडेकरांना पुण्यातूनच आव्हान मिळाले. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभाग सांभाळून ते पुण्यात परतले होते. त्यांचे म्हणणे असे की एकाच माणसाचे रोजचे खाणे आणि रोजची गरज सारखी कमीजास्त होते आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते. तेव्हा सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित धरणे ही चूक आहे. हा वाद दोन दशके चालला, समीकरणांनी भरलेल्या लेखांतून, आणि दोन्ही बाजूंनी बरीच कडवट भाषा झाली. सुखात्मेंचे मानले तर गरिबांचा आकडा बराच खाली येत होता. मला स्वतःला दांडेकरांची बाजू पटते. शरीर जुळवून घेते हे खरे असले तरी कशाच्या मोबदल्यात, हे ऊस तोडणाऱ्याला विचारावे. पण सुखात्मेंनी एक गोष्ट ठामपणे दाखवली: उष्मांकाची रेषा दिसते तितकी पक्की नाही. ती थोडी हलवली की कोट्यवधी माणसे इकडची तिकडे होतात.

सरकारला एवढ्या नाजूक गोष्टींशी देणेघेणे नव्हते. १९७९ साली योगिंदर अलघ यांच्या कृतिदलाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक पक्के केले. १९७३-७४ च्या भावाने महिन्याला माणशी ४९ रुपये ९ पैसे आणि ५६ रुपये ६४ पैसे. पैशांपर्यंत काढलेला आकडा छापला की तो निसर्गनियमासारखा दिसू लागतो.

याच वर्षांत महाराष्ट्राने मात्र रेषा न आखताच एक योजना उभी केली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली प्रयोग सुरू केला. १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला, रस्त्यावर मुरूम टाकायला माणसे लोटली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते. त्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय कराचा पैसा त्यात वळवला गेला. या योजनेत मस्टरवर नाव लावायला उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता. उन्हात दगड फोडायला जो तयार आहे त्याला गरज आहे, एवढीच परीक्षा. पाटलाचा मुलगा घमेले उचलायला येत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. कामांचे माप खोटे लागायचे, मजुरी महिनोन्महिने रखडायची आणि खडीचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहायचे. ज्यांच्या अंगात घमेले उचलायचे बळच नाही ते म्हातारे, अपंग, आजारी तर बाहेरच राहिले. पण गरीब ओळखायला सरकारी अधिकारी लागत नाही, हे या योजनेने दाखवून दिले.

दिल्लीने घेतलेला रस्ता दुसरा होता. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशभर लागू झाला. वर्षाला ३,५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाचे कुटुंब शोधायचे आणि त्याला म्हैस, शेळ्या किंवा शिवणयंत्र कर्जाने आणि अनुदानाने द्यायचे. इथे पहिल्यांदा रेषा मोजणीतून उठून निवडीच्या कामाला लागली. शेतमजुराच्या घरात वर्षाला किती येते, ते त्याचे त्यालाच सांगता येत नाही. ग्रामसेवक अंदाजाने लिहायचा, आणि अंदाज करताना समोर कोण उभे आहे ते पाहायचा. १९८५ साली नीळकंठ रथ यांनीच त्याच साप्ताहिकात या कार्यक्रमावर कडक टीका केली. वाटलेल्या मालमत्तेने गरिबी हटत नाही, काम द्या, हे त्यांनी पुन्हा सांगितले. पंधरा वर्षांत त्यांचे म्हणणे बदलले नव्हते.

तरीही गोंधळ एका योजनेपुरता होता. जून १९९७ मध्ये तो रेशनपर्यंत पोचला. तोवर रेशनकार्ड जवळपास सगळ्यांचे होते. आता देशाचे दोन भाग झाले, रेषेखालचे आणि रेषेवरचे. आणि हे करताना ज्या क्रमाने कामे झाली तो क्रम नीट पाहावा. नियोजन आयोगाने नेमलेल्या लकडावाला तज्ज्ञ गटाच्या पद्धतीने १९९३-९४ मध्ये महाराष्ट्रात ३६.८६ टक्के लोक गरीब निघाले होते. असे प्रत्येक राज्याचे टक्के घेऊन त्यावरून गरीब कुटुंबांची संख्या दिल्लीत ठरवली गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला पुढे ६५.३४ लाख कुटुंबे आली. आधी आकडा ठरला, मग तेवढी माणसे शोधायला राज्यांना सांगितले गेले. गावात खरे गरीब जास्त निघाले तर उरलेल्यांनी गरीब नसायचे.

१९९७ च्याच ग्रामीण पाहणीत घरात छताचा पंखा दिसला तरी कुटुंब बाद होत होते. दोन हेक्टरांहून अधिक जमीन असली तरीही, मग ती माणदेशातली कोरडवाहू बरड का असेना. महाराष्ट्राने १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डे काढली. वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असेल तर पिवळे, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याही वर पांढरे. पंधरा हजार म्हणजे महिन्याला साडेबाराशे, सगळ्या घराचे मिळून. मुंबईत कुठल्या झोपडपट्टीत साडेबाराशेत घर चालत होते? खरे उत्पन्न लिहावे तर कार्ड जाते आणि कार्ड हवे तर खोटे लिहावे लागते, अशी शासनानेच व्यवस्था करून ठेवली. तलाठ्याच्या दप्तरात एका पिढीची उत्पन्ने पंधरा हजारांच्या आत येऊन थांबली.

दरम्यान रेषेवरच्यांसाठी रेशनचा भाव जवळपास बाजाराएवढा झाला, त्यांनी दुकानाकडे पाठ फिरवली आणि उचल कोसळली. २००२ च्या उन्हाळ्यापर्यंत सरकारी गोदामांत सहा कोटी टनांहून अधिक धान्य साठले होते. राजस्थानात दुष्काळाने माणसे उपाशी असताना एप्रिल २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या खटल्यातून शाळेतला शिजवलेला आहार देशभर पोचला, आणि दहा वर्षांनी त्याच खटल्यात रेषेची सगळ्यात मोठी नाचक्की झाली.

त्याआधी २००२ ची पाहणी. ती करणाऱ्यांना उत्पन्न विचारण्यातला फोलपणा कळला होता, म्हणून त्यांनी तेरा प्रश्न तयार केले, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. ही उलटी परीक्षा होती: कमी गुण मिळवणारा पास. घरात माणशी कपडे किती, दोनहून कमी, चारहून कमी, सहाहून कमी? दिवसातून एकदा पोटभर जेवण मिळते का, वर्षभर मिळते का? कर्ज सावकाराचे की बँकेचे? शौचाला उघड्यावर जाता, की घरात संडास आहे? उघड्यावर जाणाऱ्याला शून्य, स्वतःचा संडास असणाऱ्याला चार. त्याच वर्षांत महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान जोरात होते आणि संडास बांधा म्हणून गावोगाव प्रभातफेऱ्या निघत होत्या. एका खात्याचे ऐकले की दुसऱ्या खात्याचे गुण वाढायचे. या सगळ्या गुणांच्या वरही दिल्लीचा ठरलेला आकडा होताच. किती गुणांवर रेघ मारायची ते राज्याने ठरवावे, पण एकूण संख्या ओलांडू नये. जुन्या यादीतून कुणाचेही नाव काढू नका, असे न्यायालयाने २००३ मध्ये बजावले आणि यादी आणखी काही वर्षे लोंबकळली. २००५ साली नियोजन आयोगाच्याच मूल्यमापनात निघाले की केंद्राने दिलेल्या स्वस्त धान्यापैकी सुमारे ५८ टक्के धान्य रेषेखालच्या कुटुंबांपर्यंत पोचतच नाही.

मग सुरेश तेंडुलकर आले. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले हे मराठी अर्थतज्ज्ञ. त्यांच्या तज्ज्ञ गटाने २००९ च्या अखेरीस अहवाल दिला आणि उष्मांकांचा नाद सोडून दिला. शाळेची फी आणि औषधपाणी यांचा खर्च त्यांनी रेषेत घेतला. १९६२ च्या कार्यगटाने तो सरकारवर सोडला होता. सत्तेचाळीस वर्षांनी एका तांत्रिक अहवालाने शांतपणे मान्य केले की तो गरीबच करतो आहे. त्यांच्या पद्धतीने २००४-०५ मधली ग्रामीण गरिबी २८.३ वरून ४१.८ टक्क्यांवर गेली. म्हणजे तेंडुलकरांनी गरिबांची संख्या वाढवली होती. लोकांच्या लक्षात राहिले ते उलटेच.

सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने त्याच जुन्या खटल्यात प्रतिज्ञापत्र दिले. तेंडुलकरांच्या रेषेला महागाई जोडून शहरात दिवसाला माणशी ३२ रुपये आणि खेड्यात २६. देशभर टिंगल उडाली. बत्तीस रुपयांत जगून दाखवा म्हणून आव्हाने दिली गेली. तेंडुलकर जूनमध्येच वारले होते. चिडलेल्यांना त्यांचा अहवाल ठाऊक नव्हता, पण चीड अस्थानी नव्हती. नुसती मोजणी असती तर ३२ काय आणि ३५ काय. तेहतीस रुपये खर्च करणाऱ्याचे धान्य या आकड्याने तोडता येत होते, म्हणून लोक उसळले. ३ ऑक्टोबरला मॉन्टेकसिंग अहलुवालिया आणि जयराम रमेश यांनी संयुक्त निवेदन काढून सांगितले की इथून पुढे योजनांचे लाभ या रेषेला बांधलेले राहणार नाहीत. तरी जुलै २०१३ मध्ये नवे आकडे आले तेव्हा मुंबईत बारा रुपयांत पोटभर जेवण मिळते, असे काँग्रेसचे प्रवक्ते राज बब्बर बोलून गेले. बारा रुपयांत त्या वेळी वडापाव येत होता, आणि वडापावाने किती पोट भरते हे मुंबईला सांगायला नको. पुढे सी. रंगराजन यांच्या गटाने २०१४ मध्ये रेषा खेड्यात ३२ आणि शहरात ४७ रुपयांवर नेली. तो अहवाल सरकारने स्वीकारलाच नाही, आणि काही महिन्यांत नियोजन आयोगच बंद झाला.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘दारिद्र्यरेषा’ नाही. देशभर मिळून ७५ टक्क्यांपर्यंत ग्रामीण आणि ५० टक्क्यांपर्यंत शहरी जनतेला महिन्याला माणशी पाच किलो धान्य, असा तो कायदा. हा मोठा बदल होता आणि त्याचे श्रेय रस्त्यावर आणि न्यायालयात भांडलेल्यांना जाते. पण राज्याराज्यांचे वाटे पुन्हा नमुना पाहणीवरूनच पडले. महाराष्ट्राला ग्रामीण ७६.३२ टक्के, शहरी ४५.३४ टक्के, एकूण सात कोटी माणसे, २०११ च्या जनगणनेप्रमाणे. पुरवठा खात्यात याला इष्टांक म्हणतात. लाभार्थी ठरवायला राज्याने उत्पन्नाची मर्यादा घातली, ग्रामीण ४४,००० आणि शहरी ५९,०००. पिवळ्या कार्डाचे पंधरा हजार तसेच राहिले. संजय गांधी निराधार योजनेसाठी २१,०००. एकच विधवा एका खिडकीवर गरीब ठरते आणि शेजारच्या खिडकीवर ठरत नाही. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे इष्टांक २०११ वरच थांबला. नंतर वाढलेल्या वस्तीतल्या कुटुंबाने अर्ज केला तर तालुक्याचा इष्टांक शिल्लक आहे का ते आधी पाहिले जाते.

२०२४ च्या जूनमध्ये महाराष्ट्र शासनाने लाडकी बहीण योजना जाहीर केली. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील आणि सेतू केंद्रांवर एवढी झुंबड उडाली की काही दिवसांतच नियम सैल करावा लागला. ज्यांच्याकडे पिवळे किंवा केशरी कार्ड आहे त्यांना दाखला माफ, बाकीच्यांनी रांगेत उभे राहावे. धान्यासाठी १९९९ साली पंधरा हजार आणि एक लाखाच्या मर्यादांवर काढलेले रंग पंचवीस वर्षांनी दीड हजार रुपयांच्या हप्त्याला पुरावा म्हणून चालले.